शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा : स्मृतिभ्रंशाचा आरंभकाळ आणि मराठी कुटुंबकथेची चौकट

१

'शुश्रूषा' हा शब्द आपण रुग्णसेवा ह्या अर्थाने इतक्या सरावाने वापरतो की त्याच्या घडणीकडे सहसा लक्ष जात नाही. 'श्रु' म्हणजे ऐकणे, ह्या धातूचे हे इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूपाशी बसून ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करतो. म्हणून ऐकण्यावरून सेवा आणि सेवेवरून आजाऱ्याची देखभाल असा अर्थविस्तार होत गेला. आज मूळ अर्थ जवळजवळ लोपला आहे. वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात, विशेषतः त्याच्या आरंभकाळात, तो पुन्हा जागा करावा लागतो असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विषय वैद्यकाचा असताना मराठीच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे एक उत्तर आकड्यांत आहे. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेले जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले त्यांनुसार ६० वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे, इतके आहे. ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. ह्यांतील बहुतेकांची देखभाल घरीच होते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. घरातला माणूस एकच प्रश्न चौथ्यांदा विचारू लागतो, तेव्हा कुटुंब त्या घटनेचा अर्थ लावते. आणि अर्थ लावण्याची साधने त्याला भाषेने, म्हणींनी, नाटकांनी, कथांनी पुरवलेली असतात. ही साधने कशी आहेत हे तपासणे हे आपल्याच विद्याशाखेचे काम आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण, 'म्हातारचळ' हा शब्द, 'भ्रमिष्ट', 'चळ लागणे' हे प्रयोग आणि 'म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण' हे सुभाषितवजा विधान, एवढ्यावर आपला व्यवहार चालतो. ह्यांपैकी म्हण रोगाला वयाचा धर्म ठरवते. वयाचा धर्म म्हटले की उपाय शोधण्याचे कारण उरत नाही, आणि मग ज्यांवर खरोखर उपाय असतो अशाही गोष्टी हातून निसटतात. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, काही औषधांचे परिणाम ह्यांमुळेही वृद्ध माणूस विसराळू आणि गोंधळलेला दिसू शकतो. रक्ताच्या साध्या तपासण्या आणि डॉक्टरांची सविस्तर भेट ह्यांवरून त्यांचा पुष्कळसा उलगडा होतो. म्हणीने ती भेटच अनावश्यक ठरवलेली असते.

'म्हातारचळ' ह्या शब्दात उपहास आहे आणि त्याला लैंगिक सूचनेचीही किनार आहे. 'दुसरे बालपण' वरवर मायाळू. पण त्यात ज्येष्ठाचे ज्येष्ठपण काढून घेतले जाते. मूल जे शिकलेले नसते ते त्याला शिकवायचे असते. येथे जो माणूस शिकवून सवरून, संसार करून बसला आहे त्याच्याशी लाडिक बोलीत बोलणे हा त्याचा अपमान असतो, आणि आरंभकाळात तो त्याला पुरेपूर कळतो.

वैद्यकाने स्वीकारलेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द संस्कृतनिष्ठ म्हणून निर्विकार वाटतो. वस्तुतः तोही तसा नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंत जी अधःपाताची साखळी सांगितली आहे, तिच्यातील ही एक कडी आहे. तेथे स्मृतीचा भ्रंश हा विषयांचे चिंतन करणाऱ्याला, म्हणजे ज्याने स्वतःला सावरले नाही अशाला, होतो. चरकसंहितेत प्रज्ञापराधाची व्याख्या करताना बुद्धी आणि धृती ह्यांच्या जोडीने स्मृती भ्रष्ट झालेल्या माणसाचे कर्म असाच संदर्भ येतो. तात्पर्य, परंपरेत हा शब्द दोषाच्या परिसरात वावरतो. शिवाय तो अपुराही आहे. अल्झायमरच्या आजारात आरंभी स्मृती ढासळते हे बहुतेक वेळा खरे; परंतु ह्या गटातील काही आजारांत प्रथम वर्तन बदलते, काहींत शब्द हरवतात, काहींत नसलेली माणसे दिसू लागतात. जपानमध्ये ह्याच अडचणीमुळे शासनाने २००४ साली जुने अवमानकारक नाव अधिकृतपणे बदलून बोधशक्तीच्या आजाराचा निर्देश करणारे नवे नाव स्वीकारले. मराठीत तशी चर्चा झाली पाहिजे. ती होईपर्यंत प्रस्तुत लेखात रूढ शब्दच वापरला आहे, त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवून.

३

शब्दांपेक्षा कथेची चौकट अधिक परिणाम करते. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' ह्या १९७० साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाने आणि जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'ने मराठी मध्यमवर्गाच्या मनातील वृद्धत्वाची प्रतिमा निश्चित केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होऊ नये. पहिल्यात आप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व मुलांना वाटून देतात आणि मुलाच्या व मुलीच्या घरातून दुखावून बाहेर पडतात. दुसऱ्यात एक मुलगा परदेशी, दुसरा युद्धात गेलेला, आणि नाना-नानी एकमेकांच्या सोबतीने मृत्यूला सामोरे जातात. दोन्ही कृतींची थोरवी वादातीत आहे. येथे प्रश्न निराळा आहे. 'वृद्धाचे दुःख' म्हटले की 'मुलांनी काय केले?' हा प्रश्न ह्या चौकटीत आपोआप उमटतो. दुःखाचा उगम नात्यात असतो, शरीरात नव्हे.

आप्पांच्या अखेरच्या अवस्थेत, जेथे भूमिका आणि आयुष्य एकमेकांत मिसळून जातात, तेथे आजचा एखादा वाचक रोगनिदान करू पाहील. किंग लिअरच्या बाबतीत काही वैद्यकांनी तसे केलेही आहे. हा मोह आवरावा असे वाटते. नाटककाराने ज्याला शोकात्म उंची दिली त्याला रुग्णपत्रिका जोडल्याने ना नाटक अधिक कळते, ना आजार. धोका उलट दिशेने आहे: आपण नाटकाला आजार लावतो त्याहून कितीतरी अधिक वेळा आजाराला नाटक लावतो. सासूबाई शेजाऱ्यांना सांगतात, 'मला सकाळपासून जेवायला दिलं नाही'. जेवण तासापूर्वीच झालेले असते. शेजारी, नातेवाईक आणि कधी कधी घरातलाच मुलगाही हे वाक्य 'नटसम्राट'च्या चौकटीत ऐकतो आणि सून आरोपी ठरते. पैशाचे पाकीट स्वतःच कोठेतरी ठेवून चोरीचा आळ घेणे हे तर ह्या आजाराचे नेहमीचे लक्षण. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन ह्यांनी वाराणसीतील क्षेत्रकार्यावर आधारलेल्या १९९८ च्या ग्रंथात असे दाखवले आहे की, भारतातील चर्चेत वृद्धाचे भ्रमिष्टपण हा बिघडलेल्या कुटुंबाचा पुरावा मानला जातो. हे निरीक्षण मराठी घरांनाही तंतोतंत लागू पडते.

तुलनेसाठी सावाको आरियोशी ह्या लेखिकेची १९७२ सालची जपानी कादंबरी पाहावी. नोकरी करणारी सून अकिको आणि स्मृती गमावत चाललेला सासरा ह्यांची ती कहाणी आहे. हा सासरा सख्ख्या मुलाला ओळखत नाही, सुनेला मात्र ओळखतो. ह्या कादंबरीत खलपात्र नाही. थकवा आहे, चीड आहे, किळससुद्धा आहे; आणि हे सर्व उघडपणे सांगणारी सून वाचकाच्या नजरेतून उतरत नाही. प्रचंड खपलेल्या ह्या पुस्तकाने तेथे ह्या प्रश्नाला सार्वजनिक वाचा फोडली. एक कादंबरी शेजाऱ्यांचे ऐकणे बदलू शकते, ते असे.

४

मराठीत ही कौटुंबिक न्यायसभेची चौकट मोडण्याचा लक्षणीय प्रयत्न चित्रपटाच्या संहितेत झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'अस्तु' हा चित्रपट २०१३ सालचा. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संवादलेखनासाठी भावे ह्यांचा आणि साहाय्यक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष ह्यांचा गौरव झाला. साहित्याच्या अभ्यासकाने ह्या संवादांची दखल संहिता म्हणून घ्यावी, एवढी त्यांची योग्यता आहे.

कथानक थोडके आहे. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त, नामवंत प्राध्यापक. त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून खरेदीसाठी दुकानात जाते. तेवढ्यात रस्त्यावर हत्ती दिसतो आणि शास्त्री गाडीतून उतरून त्याच्या मागे चालू लागतात. पुढे एकीकडे इराचा शोध आणि तिच्या आठवणी, दुसरीकडे माहूत आणि त्याची बायको चन्नम्मा ह्यांच्याबरोबर शास्त्रींचा काळ. चन्नम्मा कानडी बोलणारी. शास्त्री तिला आई म्हणू लागतात.

वर्गात हा चित्रपट चर्चेला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'पण मुलीने त्यांना गाडीत एकटं सोडलंच का?' हा प्रश्न म्हणजे जुनी चौकटच होय. संहिता इराला दोषमुक्त करत नाही आणि दोषीही ठरवत नाही. वडिलांना आपल्या घरी आणावे की त्यांच्याच घरी सोबतीला माणूस ठेवावा, स्वतःच्या संसाराचे काय, लहानपणापासूनच्या बापलेकीच्या नात्याचे काय, हे प्रश्न ती शोधाच्या धावपळीत वागवत राहते. देखभाल करणाऱ्याचा अपराधभाव येथे कथानकाचा निकाल म्हणून येत नाही; तो त्या भूमिकेचा रोजचा भार म्हणून येतो. मराठी कुटुंबकथेत हे नवे आहे.

दुसरी गोष्ट शास्त्रींच्या भाषेची. ज्याची ओळखच विद्वत्तेवर उभी आहे त्याच्याकडून काय काय गळून पडते आणि काय टिकते, ह्याची निवड संहितेने विचारपूर्वक केली आहे. नाव, पत्ता, मुलीचा चेहरा हे निसटते, पाठांतर टिकते. बालपणी कंठगत केलेले पुष्कळदा उशिरापर्यंत टिकून राहते, हे वैद्यकीय निरीक्षणाशीही जुळते. तिसरी गोष्ट चन्नम्माच्या ऐकण्याची. तिला शास्त्रींचे संस्कृत कळण्याचा प्रश्नच नाही, आणि ते पूर्वी कोण होते हेही तिला ठाऊक नाही. इराला ते ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक विसरण्यात तिला हानी दिसते. चन्नम्माला फक्त समोरचा माणूस दिसतो: भुकेला, भ्यालेला, कधी आनंदलेला. ती तपासत नाही, दुरुस्त करत नाही. माझ्या मते हा चित्रपट चन्नम्मापाशी किंचित आदर्शवादी होतो. एका दिवसाची शुश्रूषा आणि दहा वर्षांची शुश्रूषा ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि गरीब घरातील स्त्रीला उपजत मायेची खाण मानणे हीही एक जुनी चौकटच आहे. तरीही तिच्या ऐकण्याची रीत उचलण्याजोगी आहे.

शीर्षकाविषयी एक. 'अस्तु' हे 'अस्' धातूचे आज्ञार्थी, तृतीयपुरुषी एकवचन. मराठीत त्याच जागी 'असो' येते. पण 'असो' म्हणून आपण विषय संपवतो, 'अस्तु' म्हणून जे आहे त्याला संमती देतो.

५

'अस्तु'मधील आजार बराच पुढे गेलेला आहे. आरंभकाळ निराळा, आणि साहित्यात जवळजवळ अस्पर्श. ह्या काळात माणूस बोलू शकतो, स्वतःला काय होते आहे हे त्याला पुष्कळ अंशी कळते, निर्णयही घेता येतात. भाषेच्या अंगाने पाहता प्रथम निसटतात ती नामे, विशेषतः विशेषनामे आणि कमी वापरातले शब्द. त्यांच्या जागी 'ते आपलं हे', 'तो नाही का तो', 'अमुक' अशी सर्वनामी भर येते. वाक्याचा सांगाडा, उच्चार, स्वागताच्या आणि आदराच्या रीती मात्र बराच काळ शाबूत राहतात. पाहुण्याला 'या, बसा, चहा घेणार ना?' हे इतके सफाईने म्हटले जाते की तासभर भेटून गेलेला नातेवाईक 'त्यांना काही झालेलं नाही, तुम्ही उगाच बाऊ करता' असे सुनेला सांगून जातो. देखभाल करणाऱ्या स्त्रियांना ह्या वाक्याइतके एकाकी करणारे दुसरे काही नसते.

ब्रिटिश कादंबरीकार आयरिस मरडॉक ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांची शेवटची कादंबरी १९९५ साली आली, निदान त्यानंतरचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या आरंभीच्या, मध्यकाळातील आणि अखेरच्या कादंबऱ्यांची तुलना केली गेली. अखेरच्या कादंबरीत शब्दसंपत्ती उघडपणे आटली होती, वाक्यरचना मात्र फारशी ढासळलेली नव्हती. समीक्षकांना जे शैलीचे शैथिल्य वाटले ते शब्दांच्या पातळीवर आधीच चालू झालेले काहीतरी होते. आपल्या विभागांत एखाद्या मराठी लेखकाबाबत असा अभ्यास कोणी हाती घेऊ म्हणेल. त्याने कुटुंबाची परवानगी आणि निदानाचा खात्रीचा आधार ह्यांशिवाय पुढे जाऊ नये.

भाषेशी निगडित आणखी एक निष्कर्ष: हैदराबाद येथील ६४८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) असे आढळले की, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षर व्यक्तींतही हा फरक दिसला, त्यामुळे त्याचे श्रेय केवळ शिक्षणाला देता येत नाही. घरी मालवणी किंवा अहिराणी आणि बाहेर प्रमाण मराठी अशा दुहेरी वावराची किंमत भाषाशिक्षक म्हणून आपण कमीच करत आलो. आजारातही माणूस अनेकदा बालपणीच्या बोलीत अधिक मोकळा होतो. नातवंडांना ती बोली येत नसेल तर घरात त्याचे ऐकणारे कोणी उरत नाही.

ऐकण्याचे हे काम प्रत्यक्षात कसे दिसते? 'ओळखा पाहू मी कोण?' हा प्रश्न विचारायचा नाही. तो प्रेमाने विचारला तरी परीक्षाच असते, आणि नापास झालेला माणूस पुढच्या वेळी बोलणे टाळतो. त्याऐवजी 'आत्या, मी सुमन, नाशिकची' असे म्हणत आत यावे. अडलेला शब्द तत्काळ पुरवू नये; थोडे थांबावे, आणि शोध कष्टाचा होऊ लागला तर द्यावा. एका वेळी एक गोष्ट बोलावी, दूरदर्शन बंद करून बोलावी. 'आत्ताच तर सांगितलं' हे वाक्य घरातून हद्दपार करावे. बत्तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईची चौकशी होते तेव्हा 'ती गेली' हे सांगणे म्हणजे त्या माणसाला पुन्हा नव्याने शोक देणे. 'आई काय करायची हो सणाला?' असे विचारले तर बहुधा ज्या गोष्टीची ओढ होती ती बोलण्यात येते. हे खोटे बोलणे नव्हे. वाचक ज्या अर्थाने संहितेच्या सत्याशी इमान राखतो, त्या अर्थाने हे इमानच आहे.

६

आरंभकाळात आणखी एक गोष्ट घडते: निदान कुटुंबाला सांगितले जाते आणि ज्याचे निदान त्यालाच नाही. 'त्यांना सांगू नका, खचतील' ही विनंती डॉक्टरांना दाराबाहेर हळू आवाजात केली जाते. हेतू चांगला, परिणाम असा की, ज्या काळात माणूस स्वतःविषयी बोलू शकला असता तोच काळ गुप्ततेत जातो. सर्वांनाच सर्व सांगावे असा नियम करता येणार नाही. किती जाणून घ्यायचे आहे हे प्रथम त्याला विचारावे, एवढे मात्र म्हणता येईल.

येथे कायद्याची वस्तुस्थिती जाणून घेणे आवश्यक आहे, कारण ती काळाच्या मर्यादेने बांधलेली आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याचे मन स्वस्थ असावे लागते; निदान झाले म्हणजे हा अधिकार तत्क्षणी संपला असे नाही, समज शाबूत असेपर्यंत तो असतो. मुखत्यारपत्राबाबत मोठा गैरसमज आढळतो. 'मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलं आहे' म्हणून कुटुंब निश्चिंत असते. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार ते देणाऱ्याचे मन अस्वस्थ झाले की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ती हाती राहत नाही. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊ शकते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील मनोविकाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाकालाचे भान ह्यांतील गंभीर बिघाडाचाही अंतर्भाव आहे. ह्या अधिनियमाने व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. असे लेखन हा प्रथमपुरुषी गद्याचा एक प्रकार आहे, आणि मराठीत तो अजून रुजलेला नाही.

देखभाल करणाऱ्यांच्या बाजूने पाहता गोव्यातील एका प्रयोगाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात ८१ कुटुंबे सहभागी होती. अल्पकाळ प्रशिक्षण दिलेले, वैद्यक न शिकलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरोघर जात. आजार म्हणजे काय हे समजावून सांगत, बदललेल्या वर्तनाला कसे सामोरे जावे ते सुचवत, कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत, शासकीय साहाय्याची माहिती देत. गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञाची मदत मिळे. देखभाल करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य त्यामुळे सुधारले. ह्यात औषधाचा वाटा थोडका आणि घरी येऊन ऐकणाऱ्या माणसाचा वाटा मोठा होता, असे मला वाटते. शुश्रूषा करणाऱ्याचीही शुश्रूषा लागते.

७

एक वाङ्मयीन पेच शेवटी उरतो. मराठीत आत्मपर लेखनाची परंपरा मोठी आहे आणि तिचा आधार स्मरण हा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ग्रंथाचे नावच 'स्मृतिचित्रे'. ज्याचे स्मरण ढळू लागले त्याला ह्या परंपरेत जागा कोठे? माझ्या वाचनात आरंभकाळातील रुग्णाने स्वतः लिहिलेले मराठी पुस्तक आलेले नाही. जे आहे ते सुनांचे, मुलींचे, पतींचे कथन.

परंतु ह्याच भाषेच्या आद्य गद्यग्रंथाकडे पाहिले तर एक वेगळी शक्यता दिसते. 'लीळाचरित्र' हे म्हाइंभटांनी एकट्याच्या आठवणीतून लिहिलेले नाही. चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्यांकडे जाऊन, विचारून, त्यांनी लीळा जमवल्या. एकाची आठवण दुसऱ्याहून निराळी असेल तर ती सांगणाऱ्याच्या नावासह नोंदली गेली, पुसून एकसारखी केली गेली नाही. पुढे ग्रंथ हरवल्यावर तो मुखोद्गत असलेल्या हिराइसेमुळे पुन्हा उभा राहिला असे परंपरा सांगते. एकाचे आयुष्य अनेकांनी, पाठभेदांसह, सांभाळणे ही कल्पना मराठीला परकी नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी मी हे सुचवत आलो आहे: आपल्या घरातील किंवा ओळखीच्या घरातील आरंभकाळातील व्यक्तीकडे आठवड्यातून एकदा बसून तिचे सांगणे तिच्या बोलीत उतरवून घ्यावे. तपशील चुकले तर दुरुस्त करू नयेत. बहिणीची आठवण निराळी असेल तर ती खाली, तिच्या नावाने लिहावी. नोंदवही त्या व्यक्तीच्याच घरी राहील. संमती पहिल्या दिवशी घेतली म्हणून ती कायमची मिळाली असे समजू नये. दर भेटीला नव्याने विचारावे, आणि नकार आला तर त्या दिवशी वही न उघडता नुसते बसावे.